पुढचा भाग पाच सेकंदांत

हल्ली चार माणसं जमली की त्यांच्यात पहिली फूट राजकारणावरून पडत नाही, ‘तुमचं बघून झालं का?’ या प्रश्नावरून पडते. नवी वेबसिरीज शुक्रवारी आलेली असते आणि शनिवारी सकाळपर्यंत घराघरांत पक्ष पडलेले असतात. रात्रभर जागून सगळे भाग संपवलेल्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं असतात आणि चेहऱ्यावर नुकताच गड सर केल्याचा भाव. त्यांना बोलायचं असतं, पण बोलता येत नाही. दोन भाग बघून शहाण्यासारखे झोपलेले लोक कानांवर हात ठेवून उभे असतात. ‘आम्ही सवडीने बघणार आहोत’ म्हणणारे खरं तर कधीच बघत नाहीत. पण शेवट फुटला तर सगळ्यात जास्त चिडतात तेच.

त्यामुळे सगळ्यांनी एकच गोष्ट बघूनही तिच्यावर कुणालाच धड बोलता येत नाही. पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला आपण पगार विचारू शकतो, मुलीच्या लग्नाचं विचारू शकतो, गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च विचारू शकतो. सिरीजबद्दल मात्र आधी ‘कितव्या भागावर आहात?’ असं विचारून, त्याच्या उत्तराच्या कुंपणाआतच बोलायचं. तो तिसऱ्यावर आणि आपण सातव्यावर असलो, तर आपण कसनुसं हसून ‘बघा, बघा, पुढे मजा आहे’ एवढंच म्हणतो. तो त्यावरूनही काहीतरी ओळखतो आणि आपल्यावर रागावतो.

नवरा-बायकोने मिळून बघायची सिरीज हा तर एक करारच असतो. त्यावर सही नसते, पण मोडला तर शिक्षा असते. आमच्या ओळखीत एक जोडपं आहे. मुलं झोपली की रोज रात्री एक भाग, असा त्यांचा नेम. बायको लोकलने नोकरीला जाते, हातात मोबाइल असतो, आणि ठाण्यापासून पुढचा वेळ कसा काढायचा हा प्रश्न असतो. तिने चोरून तीन भाग पुढे बघितले. रात्री पुन्हा सोफ्यावर बसून तेच भाग नव्याने बघताना तिने अभिनय उत्तम केला. योग्य जागी दचकली, ‘अगं बाई!’ म्हणाली. पकडली गेली ती भलत्याच गोष्टीवरून. मध्येच उठून ती दूध बघायला स्वयंपाकघरात गेली आणि नेमका खून व्हायच्या क्षणी परत येऊन बसली. नवऱ्याने सिरीज थांबवली आणि शांतपणे विचारलं, “मधे काही होणार नाही हे तुला कसं कळलं गं?” त्यानंतर दोन दिवस त्या घरात गॅस सिलिंडर आणि मुलांच्या फीपुरतंच बोलणं झालं.

एका बैठकीत सगळं संपवावं, की रोज एक, आठवड्याला एक असं पुरवून बघावं, हा प्रश्न आमच्या पिढीला पडलाच नाही. कारण आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं आम्ही काय बघायचं, कधी बघायचं आणि किती बघायचं हे वरळीतल्या एका इमारतीत ठरत असे. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. मध्येच पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी आली की आम्ही ती पाटीसुद्धा बघत बसायचो. ती पाटी नेमकी किती वेळ राहील यावर घरात चर्चा व्हायची. हल्ली इंटरनेट दहा सेकंद अडकलं की माणसं कंपनीला शिव्या देतात. आम्ही पाटीला नमस्कार करायचे तेवढे बाकी होतो.

२५ जानेवारी १९८७च्या रविवारी सकाळी रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८पर्यंत चाललं. अठ्ठ्याहत्तर भाग, दर रविवारी एक. रस्ते ओस पडत, लोक टीव्हीला हार घालत, या कथा आता इतक्यांनी सांगितल्या आहेत की त्या वेळी रस्त्यावर कुणीच नव्हतं हे सांगायला रस्त्यावर एवढे लोक होते कुठे, असा प्रश्न पडतो. मला आठवतात ते मधले सहा दिवस. इंद्रजिताचा बाण एका रविवारी सुटला की तो पुढच्या रविवारपर्यंत आमच्या वाडीतून फिरत राहायचा. खराट्याच्या हिरांचे बाण करून पोरं जिन्यात युद्ध करत. घरोघरी खराटे बारीक होत चालले होते. लक्ष्मण मूर्च्छित पडल्यावर तो उठणार हे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. तरी शेजारच्या आजी आठवडाभर उदास होत्या. शेवट फुटण्याची भीती त्या काळात नव्हती, कारण तो काही हजार वर्षांपूर्वीच फुटलेला होता. वाट बघायला त्याची आडकाठी कुणाला झाली नाही.

मागोमाग बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ आलं. चौऱ्याण्णव भाग, २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०. एक भाग साधारण पाऊण तासाचा धरला तर सगळं मिळून सत्तर तास होतात. म्हणजे आज एखाद्या कॉलेजकुमाराने मनावर घेतलं, आणि आईने ताट खोलीत आणून दिलं, तर तीन दिवसांत तो हस्तिनापूरहून स्वर्गारोहणाच्या अलीकडे येऊन पोहोचेल. प्रत्यक्ष युद्धालाच अठरा दिवस लागले होते.

गंमत पुढे आहे. २०२०च्या मार्चमध्ये सगळा देश घरात कोंडला गेला आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. या वेळी दिवसाला दोन भाग, सकाळी आणि रात्री. आठवड्याचं अंतर बारा तासांवर आलं. आम्ही सगळे पुन्हा बसलो. कलाकार तेच, संगीत तेच, बाणही तेच. पण तेव्हा कधी जाणवलं नव्हतं ते जाणवलं: हे सगळं फार सावकाश चाललंय. दरबारातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून कॅमेरा फिरतो, दोन बाण हवेत एकमेकांची वाट बघत थांबतात. पुतण्या म्हणाला, “काका, हे फॉरवर्ड होत नाही का?” १९८७ साली ते आम्हाला संथ वाटलं नव्हतं, कारण सहा दिवसांच्या उपासानंतर कुणी पानावरच्या चटणीकडेही घाईने बघत नाही. मधला आठवडा हासुद्धा त्या मालिकेचाच भाग होता. तो कापून टाकल्यावर उरलं ते जरा तोकडंच होतं.

हप्त्याहप्त्याने गोष्ट ऐकायची सवय मराठी माणसाला टीव्हीने लावली असं मात्र नाही. त्याच्या कितीतरी आधी ती हरिभाऊ आपट्यांनी लावली होती. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः छापली. यमू नावाच्या मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली स्वतःची कहाणी: माहेर, भाऊ, सासर, थोडं सुख, वैधव्य आणि नंतरचे हाल. ती पुस्तकरूपात यायला १८९३ उजाडलं. याचा अर्थ असा, की त्या वेळच्या वाचकाने यमूच्या बरोबरीनेच दिवस काढले. ती परकरी मुलगी असताना त्याच्या घरात एखादं बारसं झालं असेल. तिचं कुंकू पुसलं गेलं तोवर ते मूल घरभर पळू लागलं असेल. मधल्या काळात त्याच्या स्वतःच्या घरातल्या परकऱ्या मुलीकडे त्याने जरा वेगळ्या नजरेने बघितलंही असेल. केशवपनाचं प्रकरण ज्या अंकात आलं तो अंक मिटल्यावर पुढचा येईपर्यंत करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं; विचार करावाच लागत असणार. आज हीच कादंबरी एम. ए.ची मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री चहाच्या जोरावर संपवतात. यमूच्या सगळ्या आयुष्याचा निकाल पहाटे चारपर्यंत लागतो आणि सकाळी अकराला तिच्यावर दहा गुणांचं टिपण येतं.

हरिभाऊंची दुसरी बाजूही सांगायला हवी. छापखान्याचा माणूस दारात उभा, अंकाची वेळ झालेली, आणि लेखकाने कादंबरीचं पुढचं प्रकरण लिहायचं, अशा घाईत पसारा वाढतो. हरिभाऊंचाही वाढला. काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. ‘पुढचा सीझन रद्द’ ही बातमी ऐकून आज तरुण मुलं समाजमाध्यमांवर गळा काढतात. मराठी वाचकाला ते दुःख शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. फक्त निषेध नोंदवायला जागा नव्हती.

आणि रात्रभर जागणारे तरी काय नवीन आहेत? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. ती पुस्तकं विकत घेऊन, कपाटात लावून, सवडीने वाचणारा वाचक कमी. पुस्तक यायचं रोजच्या भाड्याच्या वाचनालयातून. उद्या परत नाही केलं तर उद्याचं भाडं. तेव्हा त्यांचा झुंजार किंवा काळापहाड रात्रीतूनच कामगिरी फत्ते करायचा, कारण दिवस उजाडला की वाचनालयवाल्याचा आणा वाढायचा. आमच्या घरातले एक थोर गृहस्थ, ज्यांनी आम्हाला जन्मभर ‘लवकर निजे’चा उपदेश केला, ते तरुणपणी रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून वाचत. अभ्यास करत होते असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. त्यांनी वाचलेल्या पुस्तकांच्या यादीत अभ्यासाचं एकही पुस्तक निघालं नाही.

मग ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर दोन्ही एका रात्रीच्या भाड्याने मिळत. चाळीत वर्गणी निघायची, तीन कॅसेट यायच्या आणि भाडं वसूल व्हायलाच हवं या एका ध्येयाने सगळी चाळ गॅलरीत सतरंज्या टाकून बसायची. पहिला सिनेमा बायकांच्या आवडीचा, दुसरा मारामारीचा. तिसरा कोणता होता हे दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नसे. पहाटे चारच्या सुमाराला सतरंजीवर सगळं गाव आडवं झालेलं असायचं. जागे फक्त एक आजोबा, ज्यांना तशीही झोप येत नसे, आणि मशिनवाल्याचा पोरगा, ज्याला कॅसेट बदलायची असे. पण बंद करा असं कुणी म्हणत नसे. पैसे भरले होते.

आणि व्हीसीआरच्याही कितीतरी आधीपासून तळकोकणात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो तो मध्यरात्रीच्या आसपास, आणि पहाटे दहीकाला होऊन संपतो. देवळासमोर थंडीत घोंगडी पांघरून बसलेला गाव संकासुरापासून शेवटच्या युद्धापर्यंत सगळं बघतो. दुसऱ्या दिवशी अख्खा गाव एकदमच पेंगतो. ही त्यातली मोठी सोय. दुकानदारही पेंगलेला, गिऱ्हाईकही पेंगलेलं, मास्तरही आणि मुलंही. आजचा जागरण करणारा मात्र एकटाच जागतो आणि सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये एकटाच पेंगतो. शिवाय जत्रा वर्षातून एकदा येते; नवी सिरीज दर शुक्रवारी.

एका दमात सगळं संपवण्याला धर्माचाही पाठिंबा आहे, हे कुणी अजून जाहिरातीत कसं वापरलं नाही कळत नाही. गुरुचरित्राचा सप्ताह असतो. कोणत्या दिवशी कितवा अध्याय गाठायचा ते ठरलेलं, आसनावरून मध्येच उठायचं नाही, खाण्यापिण्याचे नियम, झोपायचं ते चटईवर. ज्ञानेश्वरीची पारायणं होतात, आणि तीच ज्ञानेश्वरी रोज मोजक्या ओव्या वाचणारीही घरं असतात. आमच्या आत्याकडे दोन्ही चालायचं. श्रावणात पारायण, एरवी रोज संध्याकाळी थोडंसं. यातलं खरं वाचन कोणतं, असा प्रश्न त्या घरात कुणी काढल्याचं आठवत नाही. भागवताच्या सप्ताहाचा तर मूळपुरुषच परीक्षित. सातव्या दिवशी तक्षक डसणार हा शाप मिळालेला, म्हणून अन्नपाणी सोडून गंगेच्या काठी बसला आणि शुकाच्या तोंडून सात दिवसांत सगळं भागवत ऐकलं. त्याच्याकडे सबळ कारण होतं. आपण सातव्या दिवशी ठणठणीत असतो, फक्त वर्गणी संपायला आलेली असते.

तेव्हा रात्रभर बघणं म्हणजे अधःपात आणि रोज एक भाग म्हणजे संस्कृती, असं जे सांगतात त्यांनी माझ्या मामीला एकदा भेटावं. मामी गेली कित्येक वर्षं रोज एक भाग बघते. एक म्हणजे प्रत्येक मालिकेचा एक. साडेसहा ते दहा. तिच्याइतकी शिस्त एखाद्या मठातही नसेल. ‘आभाळमाया’पासून तिने काहीही सोडलेलं नाही. ‘चार दिवस सासूचे’ नावाची मालिका २००१ला सुरू झाली आणि २०१३पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली, तीही तिने शेवटपर्यंत निभावली. सासूचे चार दिवस अकरा वर्षांचे झाले याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिच्या स्वतःच्या सासूचे याहून लांबले होते.

मामी मालिका बघते असं म्हणतो, पण खरं ती ऐकते. या मालिका रचणाऱ्यांना बाईचे डोळे पोळपाटावर आणि कान बाहेरच्या खोलीत असतात हे पक्कं माहीत आहे. म्हणून तिथे कुणी नुसतं विष कालवत नाही. ‘आता मी या दुधात विष कालवणार आहे’ असं स्वतःशी मोठ्याने बोलून कालवतं. ढण्‌ढण् वाजलं की मामी लाटणं हातात घेऊन दारापर्यंत येते, तोच चेहरा तीनदा जवळ येताना बघते आणि परत जाते. पोळी करपत नाही. एकदा मी तिला म्हटलं, “मामी, मोबाइलवर याचे भाग टीव्हीच्या आधीच बघायला मिळतात, थोडे पैसे भरले की. सांगू का लावून?” ती म्हणाली, “आधी बघून काय करू? साडेसातला मग काय करायचं?” यावर मला उत्तर सुचलं नाही. साडेसातचं काय करायचं, हा मोठ्या मोठ्या तत्त्वज्ञांना न सुटलेला प्रश्न आहे.

तरीही एवढं म्हणेन की या मालिकांनी वाट बघण्याची किंमत घालवली. उद्याच्या भागात काहीही होणार नाही हे ठाऊक असताना ‘उद्या काय होईल’ म्हणून थांबायचं, यात गंमत उरत नाही. गुरुवारी लग्न मोडतं की काय असं वाटतं. ते रविवारच्या महाएपिसोडपर्यंत मोडत राहतं आणि सोमवारी मोडलेलं नसतं.

अशा वातावरणात सगळे भाग एकदम हातात देणाऱ्यांचं स्वागत झालं यात नवल नाही. फेब्रुवारी २०१३मध्ये नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे पहिले तेराच्या तेरा भाग एकाच दिवशी सोडले. २०१६च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, आणि जुलै २०१८मध्ये ‘सेक्रेड गेम्स’चे आठ भाग एका रात्री आपल्या पदरात पडले. त्या कथेत गुंड गायतोंडे पोलीस सरताज सिंगला पंचवीस दिवसांची मुदत देतो. बघणाऱ्यांनी पंचवीस तासही घेतले नाहीत. मराठीत ‘समांतर’ आली. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची. तिच्यात नायकाला स्वतःच्या भविष्याची डायरी मिळते आणि बजावलं जातं की रोज एकच पान वाचायचं. तो बिचारा अधीर होतो, बहकतो, आणि आपण सोफ्यावरून त्याला ‘अरे, धीर धर ना जरा’ म्हणत रात्री अडीचला पुढचा भाग लावतो.

एका रात्रीत संपवलं म्हणून वाट बघणं टळतं, असंही होत नाही. ते फक्त एका जागी गोळा होऊन बसतं. ‘सेक्रेड गेम्स’चा दुसरा सीझन यायला पुढच्या वर्षीचा स्वातंत्र्यदिन उजाडला. ‘पंचायत’चे आठ भाग २०२०च्या एप्रिलमध्ये बघून झाले आणि फुलेरा गावात परत जायला २०२२चा मे. एवढ्यात माणूस सगळं विसरतो. नवा सीझन सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास ‘हा कोण?’ आणि ‘ही मेली होती ना?’ यातच जातो. घरातला एक जण दर वेळी सिरीज थांबवून आठवायचा प्रयत्न करतो, दुसरा ‘बघ तू, कळेल’ म्हणतो. कुणालाच कळत नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७मध्ये हे तपासूनही बघितलं. सहा भागांची एक हेरगिरीची मालिका त्यांनी काही विद्यार्थ्यांना एका दिवसात दाखवली, काहींना रोज एक भाग आणि काहींना आठवड्याला एक. एका दमात बघणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आठवत होतं. एकशेचाळीस दिवसांनी त्यांचीच आठवण सगळ्यात जास्त घसरली होती. शिवाय मालिका आवडलीही त्यांनाच सगळ्यात कमी. परीक्षेच्या आदल्या रात्री यमू वाचणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

आठवड्याला एक भाग अजून मेलेला नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ ते २०१९ तसंच चाललं. शेवटच्या काही वर्षांत अमेरिकेत रविवारी रात्री भाग दाखवत तेव्हाच तो आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला मोबाइलवर येई. ज्यांना शाळेच्या दिवसांत आईने पाणी शिंपडून उठवलं, ती पुण्यातली आयटीतली पोरं सोमवारी पहाटे गजराच्या आधी उठून, तोंड न धुता, ड्रॅगन बघायला बसत. कारण नऊ वाजता ऑफिसची बस, आणि बसमध्ये सगळे तेच बोलणार. मला वाटतं त्या पोरांना ड्रॅगनपेक्षा ती बस हवी होती. सगळ्यांना एवढंच माहीत आहे, त्यापुढचं कुणालाच नाही, आणि आता कोण मरेल यावर सिंहगड रोडपासून हिंजवडीपर्यंत पैज लागली आहे. असलं सुख एकट्याने आठ भाग संपवून मिळत नाही. सगळे भाग एकदम देणारेही आता हळूच मागे सरकताना दिसतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा चौथा सीझन २०२२मध्ये मेअखेर आणि जुलैच्या एक तारखेला, असा दोन तुकड्यांत आला.

माझा स्वतःचा पक्षपात सांगून टाकतो. रहस्यकथा एका रात्रीत संपवावी. खुनी कोण हे कळेपर्यंत दुसऱ्या दिवशी बँकेतला कारकूनही संशयित वाटायला लागतो, ते बरं नाही. ‘स्कॅम १९९२’सारखी गोष्ट दोन-तीन रात्रींत विभागून बघावी, कारण तिच्यात आकडे आहेत, आणि शेअर बाजाराचे आकडे झोपेत नीट बसतात. विनोदी मालिका मात्र रोज एकाहून जास्त बघू नये. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चे भाग आता कुणी सलग लावून बसतं तेव्हा तिसऱ्या भागाला आबांचं बोलणं शब्दाआधी कळायला लागतं आणि पाचव्याला आपण हसणं सोडून नुसते मान हलवत असतो. चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसल्यासारखं होतं: शेवटी तळाशी मोहरी उरते, आणि पोट भरलेलं असूनही काय खाल्लं ते सांगता येत नाही. कुटुंबाच्या गोष्टी, म्हणजे ज्यांत फारसं काही घडत नाही पण माणसं आवडतात, त्या तर मुद्दाम पुरवून बघाव्यात. ती माणसं आपल्या घरात जितके जास्त दिवस येत-जात राहतील तितकं चांगलं. प्रिया बापट-उमेश कामतांची ‘आणि काय हवं’ तशी आहे. छोटे छोटे भाग. रात्री जेवणं झाल्यावर एक बघावा आणि ओटा पुसायला उठावं.

एवढं सगळं ठरवूनही ते पाळलं जातंच असं नाही, आणि त्यात आपला दोष वाटतो तेवढा नसतो. वाचनालयवाला, व्हीसीआरवाला, दूरदर्शनचा अधिकारी, हरिभाऊंचा छापखाना, यांच्यापैकी प्रत्येकाने आपण किती बघायचं ते ठरवलं होतं. आता ते आपण ठरवतो असा आपला समज आहे. पण भाग संपतो आणि नावं वर सरकायच्या आतच कोपऱ्यात एक चौकोन येतो: पुढचा भाग पाच सेकंदांत. चार. तीन. पूर्वी पुढचं बघायचं तर काहीतरी करावं लागत असे. आता न बघायचं तर करावं लागतं. आणि रात्री बारा वाजता, पांघरुणातून हात बाहेर काढून, उशीखाली गेलेला रिमोट पाच सेकंदांत शोधणं कुणाला जमलंय? पुष्कळ तास असे लोटले की तेच यंत्र काळजीने विचारतं, ‘अजून बघताय का?’ एखाद्या बारवाल्याने चौथा पेग स्वतः ओतून मग ‘घरी सोडू का साहेब’ म्हणावं, तसा तो आपलेपणा. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली सांगूनच टाकलं होतं की आमची स्पर्धा झोपेशी आहे. माणूस खरं बोलला, एवढं श्रेय द्यायला हवं.

त्यावर उपाय फार साधा आहे आणि तो फारच थोड्यांना माहीत असतो. आपल्या खात्यात प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जा. तिथे पुढचा भाग आपोआप सुरू करण्याबद्दलची एक ओळ असते आणि तिच्यासमोर बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असते. ती काढा आणि सेव्ह करा. मग भाग संपला की पडदा तसाच थांबतो, आणि पुढचा लावायचा की नाही हे तुम्हाला विचारावं लागतं. घरातल्या प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये ही खूण वेगळी काढावी लागते. मुलांच्या आधी स्वतःची काढा.